गूगलनं हात काढला तर काट्यावरच्या अ‍ॅपचं काय?

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातून एका मुलीचं पत्र आलं आहे. तिच्या सांगण्यावरून नाव-गाव गाळलंय आणि मजकूर थोडा आखूड केलाय. पत्रातलं फ्लटर म्हणजे एकदाच कोड लिहून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं अ‍ॅप करायचं गूगलचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा; कोटलिन आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह हे त्याला पर्याय.

"ताई,

अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, बाबांच्या आजारपणात गावी आले ती इथंच राहिले. आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी फ्लटरमध्ये एक अ‍ॅप केलं. कापसाची गाडी काट्यावर आली की भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, कटती, भाव आणि चुकारा कधी झाला, सगळं त्यात नोंदतात. काटापट्टी ब्लूटूथ प्रिंटरवर निघते आणि शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवरही दिसते. डेटा फायरस्टोअरमध्ये आहे. तीन हंगाम झाले, सातशेच्या आसपास शेतकरी वापरतात. शिवाय संध्याकाळी गावातल्या पाच-सहा पोरापोरींना मी फ्लटर शिकवते.

माझा चुलतभाऊ हिंजवडीत आहे. दिवाळीत आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, फ्लटर संपलं. गूगलनं त्यातली माणसं काढली, त्यांच्याच जुन्या माणसानं फोर्क (त्याच कोडची वेगळी चालवलेली प्रत) काढला, आता गूगलला कोटलिन हवं आहे. तू कोटलिन नाहीतर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह धर, पोरांचं नुकसान करू नको. ते कंपनीच्या अध्यक्षकाकांच्या कानावर गेलं. काका मला म्हणाले, 'पोरी, हे तुह्यं अ‍ॅप उद्या बंद पडलं तं काट्यावर लाइन लागन, मंग मी लोकायले का सांगू?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून रात्री झोप लागत नाही. मार्चमध्ये खरेदी संपली की सगळं कोटलिनमध्ये नव्यानं लिहायला घ्यायचं ठरवलं आहे. बरोबर करते आहे का? पोरांना काय शिकवू? आणि काकांना काय सांगू?"

बाई, अ‍ॅप नव्यानं लिहू नकोस. या उन्हाळ्यात नाही, आणि फ्लटर बंद पडेल या भीतीपोटी तर मुळीच नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तू तारीखसुद्धा ठरवून बसली आहेस. ज्या अ‍ॅपवर सातशे घरांचे चुकारे चालतात ते मोडून पुन्हा बांधायला कारण फार भक्कम लागतं. तसं कारण तुझ्या पत्रात मला सापडलं नाही. भीती सापडली, आणि ती मात्र खरी आहे.

तुझ्या भावानं सांगितलेलं खोटं नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस गूगलनं फ्लटर, डार्ट (फ्लटरची अ‍ॅप ज्या भाषेत लिहितात ती) आणि पायथनच्या गटांतून माणसं कमी केली, तीही वार्षिक आय/ओ परिषदेच्या तोंडावर. मे महिन्यात त्याच परिषदेत अँड्रॉइडच्या गटानं कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मला उघड पाठिंबा दिला, आणि लोकांनी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लटरच्या गटात पूर्वी काम केलेल्या एकानं 'फ्लॉक' नावाचा फोर्क जाहीर केला. त्याचा अंदाज असा होता की फ्लटर वापरणारे दहा लाखांच्या घरात असतील आणि गूगलमध्ये त्यावर काम करणारे पन्नासेक. मग तक्रारी वर्षानुवर्षं पडून राहणारच. हे अंदाज आहेत, मोजलेले आकडे नव्हेत. पण गिटहबवर तक्रार टाकून जिनं महिनोन्‌महिने वाट पाहिली आहे तिला ते पटतात. जानेवारी २०२५ मध्ये डार्टच्या गटानं मॅक्रोचं (कोडचा काही भाग आपोआप लिहून देणाऱ्या सोयीचं) काम थांबवलं, ज्याच्याकडे लोक बराच काळ डोळे लावून बसले होते. नऊ महिन्यांत हे सगळं घडलं. ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्या पोटात गोळा येणारच.

पण यातली एकेक गोष्ट उलगडून बघ. माणसं काढली हे वाईट झालं, पण काम थांबलं नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर असे चार स्थिर रिलीज आले. मॅक्रो सोडले, कारण त्यांच्यामुळे हॉट रिलोड (केलेला बदल चालत्या अ‍ॅपमध्ये लगेच दिसणं) आणि एडिटरमधल्या सूचना मंदावत होत्या. जे जमत नाही ते जमत नाही असं सांगून थांबणारा गट मला पाच वर्षं आश्वासनं देत राहणाऱ्या गटापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. फ्लॉकचं म्हणशील, तर तो फ्लटर मोडायला निघालेला नव्हता. मूळ फ्लटरच्या बरोबरीनं चालायचं आणि गूगल ज्या दुरुस्त्या लवकर घेत नाही त्या वर चढवायच्या, एवढंच त्यानं जाहीर केलं होतं. फोर्क निघाला म्हणजे मूळ वस्तूचा शेवट आला असं नसतं. जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणाऱ्या नोड जेएसमधून डिसेंबर २०१४ मध्ये आयओ जेएस फुटलं तेव्हा हीच हाकाटी होती. २०१५ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले आणि नोडचा कारभार एका कंपनीच्या हातातून फाउंडेशनकडे गेला. भांडण झालं म्हणून ते सुधारलं.

कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म ही मात्र खरीच तगडी वस्तू आहे, तिला कमी लेखू नकोस. आधी त्यात हिशोबाचा भाग दोन्ही फोनसाठी एकदा लिहायचा आणि पडदे वेगळे करायचे, असं होतं. मे २०२५ पासून त्याच्या जोडीचं, पडदे बनवायचं कंपोझ मल्टिप्लॅटफॉर्म आयफोनवरही स्थिर झालं, म्हणजे पडदेही एकदाच लिहिता येतात. आज कुणी कोऱ्या पाटीवर सुरुवात करत असेल तर मी त्याला ते बघायला सांगेन. तुझी पाटी कोरी नाही.

आणि भाऊ ज्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हचं नाव घेतो, त्याचंही मरण जाहीर होऊन गेलेलं आहे. जून २०१८ मध्ये राहायच्या जागा भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीनं ते सोडलं आणि कारणांसकट सविस्तर लिहिलं. तेव्हा कितीतरी जणांनी घाईनं दुसरीकडे उडी मारली. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आजही आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची नवी रचना आपसूक लागू होऊ लागली.

फ्रेमवर्क मरतात, हे मी नाकारत नाही. ती कशी मरतात ते नीट समजून घेतलंस तर झोप लागेल. वेबसाइट बांधायचं अँग्युलर जेएस गूगलचंच होतं. त्याचा निरोप जानेवारी २०१८ मध्ये सांगितला गेला आणि आधार खऱ्या अर्थानं थांबला ३१ डिसेंबर २०२१ ला. ब्राउझरमधल्या फ्लॅशची घोषणा जुलै २०१७ ची, शेवट ३१ डिसेंबर २०२० चा. मोबाइलची अ‍ॅप बनवायचं झॅमरिन मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये विकत घेतलं, २०२० मध्ये त्याच्या जागी येणाऱ्या माऊईची घोषणा केली आणि १ मे २०२४ ला झॅमरिनचा आधार संपवला. तिन्ही ठिकाणी लोकांना तीन-चार वर्षं मिळाली. त्रास झाला, खर्च झाला, पण एका रात्रीत कुणाचा काटा बंद पडला नाही. फ्लटरबाबत तर अशी घोषणाच झालेली नाही. गूगल पे, जे आपल्या दारव्हा-दिग्रसच्या पानठेल्यावरही चालतं, त्याचं अ‍ॅप फ्लटरमध्ये आहे. उबंटू या संगणक प्रणालीचा इन्स्टॉलर त्यात आहे. टोयोटानं गाडीतल्या पडद्यासाठी ते घेतलं. यातल्या कुणाचं फ्लटरवर प्रेम आहे म्हणून नाही, पण त्यांना बदलायला खर्च येतो, आणि तो खर्च तुझ्यासाठी वेळ विकत घेतो.

शिवाय फ्लटरचा कोड बीएसडी परवान्याखाली उघडा आहे, म्हणजे तो कुणीही वापरावा, बदलावा. तुझ्या लॅपटॉपवर उतरवलेली प्रत कुणी परत नेऊ शकत नाही. शेतकऱ्याच्या मोबाइलवर बसलेलं अ‍ॅप, गूगलनं उद्या फ्लटरला टाळं लावलं तरी, परवाही उघडेल आणि वजन नोंदवेल.

दाब येईल तो दुसऱ्या बाजूनं. अँड्रॉइड दरवर्षी पुढे सरकतं आणि प्ले स्टोअर मागे राहिलेल्यांना आत घेत नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन अ‍ॅप किंवा अपडेट टाकायचं तर ते अँड्रॉइड १५ ला धरून बनवलेलं असावं, अशी अट आली. तेव्हा जुन्यांना निदान अँड्रॉइड १४ ची पातळी गाठावी लागली, नाहीतर नवे फोन घेतलेल्या नव्या लोकांना ते स्टोअरवर दिसत नाही. मग १ नोव्हेंबर २०२५ पासून १६ केबी मेमरी पेजची, म्हणजे नव्या फोनांच्या मेमरीच्या रचनेशी जुळण्याची, अट आली. हे बदल फ्रेमवर्कमध्ये कुणीतरी करावे लागतात. जे फ्रेमवर्क हे करायचं थांबवतं ते मरायला लागलेलं असतं. तेव्हा कोण काय म्हणतं हे ऐकत बसण्यापेक्षा एवढंच बघ: नवं अँड्रॉइड आल्यावर काही महिन्यांत फ्लटरचा स्थिर रिलीज त्याला धरून आला का? तीन-चार महिन्यांनी एक रिलीज येतोय का? अँड्रॉइडची अट आली आणि फ्लटरकडून सहा महिने काहीच हालचाल नाही, असं झालं तर मला लगेच लिही. तेव्हा मी वेगळा सल्ला देईन.

या तारखांकडे आपल्या हंगामाच्या डोळ्यांनी पाहा. खरेदी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि मार्चपर्यंत आटोपते. प्ले स्टोअरची अट अलीकडच्या वर्षांत ऑगस्टअखेर येते. म्हणजे वावरात पऱ्हाटी उभी असते आणि काटा रिकामा असतो, तेव्हाच तुझं अपडेटचं काम निघतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही सोय नाही. जूनमध्ये फ्लटरची नवी आवृत्ती घे, जुलैत रिकाम्या काट्यावर खोट्या गाड्या घेऊन सगळं तपास, ऑगस्टमध्ये स्टोअरवर टाक. सप्टेंबरच्या मध्यानंतर चूक दुरुस्त करण्यापलीकडे काहीही बदलू नकोस, कितीही आकर्षक आवृत्ती आली तरी. काट्यावर पन्नास गाड्या उभ्या असताना नवी आवृत्ती चढवायची नसते.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते तिकडे येते, आणि ती फ्लटरची नाही.

तुझा डेटा फायरस्टोअरमध्ये आहे. फायरस्टोअर ही डेटा ऑनलाइन साठवायची गूगलची सेवा आहे, कोड नव्हे. सेवा बंद झाली की तुझ्या लॅपटॉपवर काही उरत नाही. पार्स नावाची अशीच सेवा फेसबुकनं २०१३ मध्ये घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करत असल्याचं सांगितलं आणि वर्षभरात बंद केली. फायरस्टोअर ज्याचा भाग आहे त्या फायरबेसचीच डायनॅमिक लिंक्स ही सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. फायरस्टोअर उद्या जाईल असं मी म्हणत नाही, तसं काही चिन्ह नाही. पण कुणाच्या कापसाचे किती पैसे राहिले, याची एकमेव नोंद दुसऱ्याच्या संगणकावर असणं बरोबर नाही, मग तो दुसरा कितीही मोठा असो. दर रात्री सगळ्या नोंदी साध्या सीएसव्ही फाइलमध्ये उतरवणारी छोटी स्क्रिप्ट लिही आणि ती फाइल कंपनीच्या कार्यालयातल्या संगणकावर पडू दे. एक प्रत पेन ड्राइव्हवर काकांच्या कपाटात. वीज गेली, नेट गेलं, गूगल गेलं, तरी हिशोबनीस एक्सेलमध्ये फाइल उघडून चुकारा सांगू शकला पाहिजे. हे एका आठवड्याचं काम आहे आणि हंगाम संपायची वाट न बघता आताच कर.

दुसरी गोष्ट तुझ्या पबस्पेकमध्ये, म्हणजे तू वापरलेल्या पॅकेजच्या (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) यादीत आहे. फ्लटर गूगलचं असेल, पण तुझ्या अ‍ॅपमधली निम्मी ओझी एकेकटी माणसं उचलत असतात. ब्लूटूथ प्रिंटरचं पॅकेज कुणी लिहिलं आहे, शेवटची आवृत्ती कधी आली, पब डॉट डेव्ह या पॅकेजच्या साइटवर त्यावर 'बंद केलेलं' असा शिक्का आहे का, हे एकेका पॅकेजचं बघ. थर्मल प्रिंटरची बरीच पॅकेजेस एकाच माणसानं केलेली असतात, आणि तो नोकरी बदलतो, त्याला मूल होतं, पॅकेज पडून राहतं. माझ्या मते फ्लटरच्या आधी तुझा प्रिंटर तुला दगा देईल. त्या पॅकेजचा तू फोर्क करून ठेव, त्यातला कोड वाच, प्रिंटरला काय छापायचं ते सांगणाऱ्या ईएससी-पॉसच्या आज्ञा कशा जातात ते समजून घे. फार मोठा कोड नसतो तो.

काटापट्टी तू मराठीत छापतेस, म्हणजे जोडाक्षरांचा त्रास तुला झालाच असेल. डार्टच्या पीडीएफ पॅकेजमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट बसत नाहीत, 'क्विंटल'चा पाय मोडतो, वेलांटी भलतीकडे जाते. ही जुनी तक्रार आहे, म्हणून बहुतेक जण पट्टीचं चित्र करून छापतात. हे मुद्दाम लिहिते, कारण गूगलनं फ्लटरमध्ये दुप्पट माणसं घेतली तरी आपलं हे दुखणं त्यांच्या यादीत वर येणार नाही. ते आपल्यासारख्यांनीच लावून धरावं लागतं. मोडलेल्या शब्दांची यादी, अपेक्षित चित्र आणि छापून आलेलं चित्र असं नीट मांडून तक्रार टाक. फ्लटरच्या तयार बटणांचं आणि तारखांचं मराठी भाषांतर त्यात आहे, तेही कुणीतरी बसून केलेलं आहे. ज्या वस्तूच्या भवितव्याची आपल्याला धास्ती वाटते, तिच्यात आपला एक टाका घातला की ती आपली होते आणि धास्ती कमी होते. हे मला मनापासून वाटतं.

अ‍ॅपच्या आतलं एक काम मात्र या उन्हाळ्यात काढ. ओलाव्याची कटती कुठे लिहिली आहेस? बटण दाबल्यावर चालणाऱ्या विजेटच्या (पडद्याच्या तुकड्याच्या) पोटात असेल तर तिथून बाहेर काढ. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात वजावट, त्यावर माल घेत नाहीत. तुमच्या कंपनीचा नियम याहून वेगळा असेल, बोंडअळीच्या कवडी कापसाला आणखी वेगळा असेल. हे नियम, हमीभाव, चुकाऱ्याचे टप्पे, सगळं साध्या डार्टमध्ये वेगळं ठेव, ज्याला फ्लटर माहीतच नाही. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये होता, आणि तो दरवर्षी बदलतो. असा आकडा कोडमध्ये कोरलेला नको. प्रत्येक नियमाला एक चाचणी लिही: इतकं वजन, इतका ओलावा, इतके पैसे. मग कागदावर मराठीत तोच नियम लिही आणि ग्रेडरकडून वाचून घे. उद्या खरंच कोटलिनमध्ये जायची वेळ आली तर पडदे नव्यानं लिहावे लागतील, पण तीन हंगामांत भांडून, चुकून, शेतकऱ्यांच्या बोलण्यातून गोळा केलेले नियम हरवणार नाहीत. नव्यानं लिहिताना हेच हरवतात, आणि ते हरवलेत हे डिसेंबरात काट्यावर कळतं.

आता काकांचा प्रश्न. काकांनी विचारलेलं अगदी रास्त आहे, आणि त्याचं खरं उत्तर तुला थोडं टोचेल. हे अ‍ॅप बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण गूगल नाही, तू आहेस. तू आजारी पडलीस, तुला बंगळुरूला चांगली नोकरी लागली, लग्न होऊन तू दुसऱ्या गावी गेलीस, तर काय? कोड तुझ्या लॅपटॉपवर, प्ले स्टोअरचं खातं तुझ्या जीमेलवर, फायरबेस तुझ्या नावावर, प्रिंटर अडला तर तुलाच फोन. एका दूध संकलन संस्थेचं मी जवळून पाहिलं. त्यांचं अ‍ॅप करणारा मुलगा सोडून गेला, खातं त्याच्या खासगी मेलवर होतं, पडताळणीचा नंबर बंद झालेला. अ‍ॅप चांगलं होतं, फ्रेमवर्कही जोमात होतं. पण अपडेट टाकणारं कुणी उरलं नाही, आणि शेवटी लोक वहीवर परत गेले.

म्हणून काकांना सांग की फ्लटर बंद करण्याची घोषणा झाली तरी आपल्याकडे दोन-तीन वर्षं असतील. आणि मग त्यांच्याकडून या गोष्टी मागून घे. प्ले कन्सोलचं (जिथून प्ले स्टोअरवर अ‍ॅप टाकतात त्याचं) खातं कंपनीच्या नावानं उघडायचं. संस्थेच्या खात्याला डी-यू-एन-एस हा संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक लागतो, कागदपत्रं लागतात, वेळ जातो, म्हणून एप्रिलमध्येच सुरू करा. खातं झालं की अ‍ॅप एका खात्यातून दुसऱ्यात हलवायची सोय गूगलनं दिली आहे, शेतकऱ्यांना काही करावं लागत नाही. अपलोड की (अपडेट टाकताना लागणारी डिजिटल किल्ली) हरवली तर बदलून मिळते, खातं हरवलं तर फार कठीण जातं. म्हणून खात्याचा ताबा संचालक मंडळातल्या दोघांकडे असू दे. कोडची रिपॉझिटरीही (कोड ठेवायची ऑनलाइन जागाही) कंपनीच्या नावानं.

आणि वार्षिक देखभालीचे पैसे माग. पत्रात तू पैशांबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, त्यावरूनच तू हे फुकट करतेस ते मला कळलं. दर उन्हाळ्यात आवृत्ती बदलायची, तपासायची, प्रिंटर बघायचा, हंगामात रात्री फोन घ्यायचे, हे काम आहे. काट्याची दरवर्षी पडताळणी होते आणि तिची फी कंपनी भरतेच ना? मग त्या काट्याला जोडलेल्या अ‍ॅपची का नाही? हे गावातल्या नात्यात अवघड जातं, मला ठाऊक आहे. काका घरच्यासारखे असतील. पण फुकट चाललेलं काम एक दिवस थकव्यानं बंद पडतं, आणि तेव्हा सातशे शेतकरी अडकतात. लेखी करार कर, एका पानाचा पुरे: काय करणार, कधी करणार, किती घेणार, आणि तू सोडलंस तर तीन महिने आधी सांगून दुसऱ्याला शिकवून जाणार.

तो दुसरा तुझ्या संध्याकाळच्या वर्गातच बसलेला आहे. तिथंच तुझा पोरांचा प्रश्न सुटतो, निदान अर्धा. त्यातल्या एकीला किंवा एकाला या अ‍ॅपवर बसव. प्रिंटरचं पॅकेज त्याला दे, चाचण्या त्याच्याकडून लिहून घे, पुढच्या हंगामात पहिला फोन त्याला जाऊ दे.

बाकीच्यांचं म्हणशील, तर पुण्याला जाऊन नोकरी धरायची असलेल्यांना जावास्क्रिप्ट शिकव. तिथं फ्लटरच्या जागा असतात, पण जावास्क्रिप्टच्या कितीतरी जास्त असतात, आणि हे पोरांपासून लपवू नये. इथंच राहून कामं करायची असलेल्यांना फ्लटर राहू दे. एकाच माणसाला दोन्ही प्रकारच्या फोनचं अ‍ॅप करता येणं ही गावात मोठी गोष्ट आहे. पण दोघांनाही आठवड्यातले दोन दिवस फ्रेमवर्क बाजूला ठेवायला लाव. एसक्यूएल, गिट, सर्व्हरशी बोलणं कसं होतं, नेट नसताना नोंद फोनमध्ये ठेवून नंतर कशी पाठवायची, दोन काट्यांवर एकाच वेळी एकच शेतकरी नोंदला गेला तर काय करायचं. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयनं नोंदणी 'कपास किसान' अ‍ॅपवर नेली. आपल्या भागातली म्हातारी माणसं त्या नोंदणीसाठी शेजारच्या पोराला मोबाइल देऊन बसली. त्यांना कुठं अडलं, कोणता शब्द कळला नाही, ओटीपी का आला नाही, हे तुझ्या पोरांना बसून लिहून काढायला सांग. ते ज्ञान कोणत्याही फ्रेमवर्कसोबत जात नाही, आणि हिंजवडीत बसून ते मिळतही नाही.

तुझ्या भावावर राग धरू नकोस. त्याच्या कंपनीत रोज कुणाची तरी माणसं कमी होत असतात, त्या धसक्यात माणूस असं बोलतो. त्याला एकदा हंगामात काट्यावर घेऊन जा आणि कोड दाखव. तो चांगला डेव्हलपर असेल तर चाचण्यांमध्ये त्याची मदत होईल.

सीएसव्हीची स्क्रिप्ट आणि कराराचं एक पान झालं की मला पाठव. पॅकेजची यादीही पाठव, प्रिंटरचं मॉडेल लिहून. कोणतं पॅकेज ठेवायचं आणि कोणतं काढायचं ते आपण मिळून ठरवू, जूनच्या आधी.

तुझी ताई